पाडव्याच्या आत एक सीडी प्लेअर

९ फेब्रुवारी

ट्रे अर्ध्यावर येऊन अडकला, तेव्हा स्वयंपाकघरातली सुरी आणून तिचं टोक फटीत घातलं आणि हळूच दाबलं. आत काहीतरी टिचल्यासारखं झालं. ट्रे पुन्हा आत गेला. मारव्याची सीडी आतच राहिली. ती आता बाजारात मिळत नाही.

प्लेअर उलटा धरून हलवला. असं करू नये हे मला कळतं. तरी केलं.

सात वाजून गेले. आज काही ऐकलं नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेत असताना रोज नोंद करायची सवय होती, ती निवृत्तीनंतरही ठेवली आहे. फक्त नोंदण्यासारखं कमी असतं.

वल्लरी अजून पुण्याला लेकीकडे, राहीकडे आहे. राहीला नवी नोकरी लागली, प्राप्तीला शाळेतून आणायला कोणी नाही, म्हणून संक्रांत झाल्यावर गेली. महिन्याभरासाठी.

११ फेब्रुवारी

प्लेअर चादरीत गुंडाळून अलिबागला नेला. स्टँडमागे दिपेशचं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, पंखे, सगळंच उघडून ठेवलेलं असतं.

"साहेब, ह्याला दुरुस्तीला आणलात की विसर्जनाला?"

"आत सीडी अडकली आहे."

"सीडी काढून देतो. बाकी देवाचं नाव घ्या."

त्याने स्क्रू काढले. एक काळी रबरी पट्टी चिमटीत धरून दाखवली. "पट्टा सैल पडलाय. ट्रे ओढायला दम नाही. आणि लेन्सला मोतीबिंदू. पट्टा कुठूनतरी आणीन, लेन्स कुठून आणू? पार्टच येत नाही."

मी विचारलं, गंज कितपत आहे? क्षारामुळे?

"गंज कुठाय? नट बघा, चकचकीत. समुद्राला लागून राहून एवढं साफ मशीन मी पहिल्यांदा बघतोय. वहिनी लई जपत असतील."

हे लिहून ठेवायला हवं. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही. प्लेअर ज्या कपाटात आहे त्यात मी झिरोचा बल्ब लावला आहे, तो बारा महिने चालू असतो. घरातली कोरडी जागा तेवढीच. वल्लरी मिठाची बरणी तिथे ठेवायची. मी तिला कागदावर लिहून दाखवलं होतं: मीठ, हवेतला ओलावा, लोखंड, आणि पुढे काय होतं ते. तिने बरणी हलवली. जानेवारीत सीडी अडखळायला लागल्या तेव्हा मी म्हणालो, तुझ्या मिठाने खाल्लं याला. ती तीळ निवडत होती.

निघताना दिपेशने एक लहान गोल स्पीकर हातात दिला. "हा न्या. मोबाईलला जोडायचा. पाण्यात पडला तरी वाजतो. घरातले सगळे नाचतील."

"आमच्याकडे कोणी नाचत नाही."

"तेच म्हणतो मी."

सीडी काढून दिली. एक बारीक ओरखडा आहे, कडेला. जुना प्लेअर त्याच्याकडेच ठेवला.

१२ फेब्रुवारी

वल्लरीला फोन केला. पट्ट्याचं सांगितलं. लेन्सचं सांगितलं.

"म्हणजे मिठाने नाही," ती म्हणाली.

"पट्टा रबराचा असतो. रबरावर मिठाचा परिणाम होत नाही."

"बरं."

"नवीन घ्यावा लागेल. तू यायच्या आत घेऊन ठेवतो."

मागे प्राप्ती काहीतरी सांगत होती. वल्लरी तिला म्हणाली, "हो गं, आले, आले." मला वाटलं मला म्हणाली.

१६ फेब्रुवारी

काय घ्यावं याचा विचार.

नवा जपानी प्लेअर घ्यायचा तर मुंबईहून मागवावा लागेल, आणि घर व्याजावर चालतं. चिनी लहान प्लेअर स्वस्त आहेत, पुस्तकाएवढे. त्यांच्या जाहिरातीत ते एका तरुण मुलीच्या मांडीवर ठेवलेले असतात. माझा अँप्लिफायर आणि स्पीकर कारखान्यात बढती मिळाली त्या वर्षी घेतलेले आहेत, त्यांचं वजन उचलायला दोन माणसं लागतात. त्यांना असला प्लेअर जोडणं बरं दिसणार नाही. तिसरा मार्ग जुना डीव्हीडी प्लेअर. तो सीडीही वाजवतो. चौथा, कोणाचा तरी चांगला राखलेला जुना प्लेअर मिळवणं.

राही फोनवर म्हणाली, "बाबा, सगळं मोबाईलवर आहे. तुमच्याकडे नाही ते पण आहे."

मी तिला समजावलं की मोबाईलवरचं गाणं संपत नाही. एक झालं की दुसरं आपोआप सुरू होतं. सीडी आपण निवडतो, लावतो, ती संपते. संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलत नाही. तो वेळ महत्त्वाचा असतो.

"आमच्याकडे तो वेळ फार असायचा," राही म्हणाली.

तिला आठवतं हे बरं वाटलं. लग्न झाल्यापासून आमचा नेम आहे. दिवा लावून वल्लरी सातला खुर्चीवर बसायची. कुकर त्याआधी झालेला. फोन बाजूला काढलेला. राही लहान असताना तिलाही शिकवलं होतं, बाबांचा हात वर गेला की काही बोलायचं नाही. सुरुवातीला वल्लरी सोबत गुणगुणायची. रेकॉर्डिंगमध्ये नसलेला एक स्वर त्यात मिसळतो आणि मग कान कुठे लावावा कळत नाही, हे मी तिला सांगितलं. तिने लगेच सोडलं. याबाबतीत ती समजूतदार आहे.

तिला गाणं आवडतं का, असं मी कधी विचारलं नाही. गरज पडली नाही. इतक्या वर्षांत ती मध्येच उठून गेलेली मला आठवत नाही.

२० फेब्रुवारी

शेजारच्या वाडीतले रावजी यांच्याकडे डीव्हीडी प्लेअर पडून होता, तो आणला. टीव्ही जोडल्याशिवाय त्यात कितवा भाग चालू आहे ते कळत नाही. अंदाजाने बटणं दाबली. वाजला. पण आत पंख्यासारखी घरघर आहे. गाणाऱ्याने श्वास घेतला की घरघर ऐकू येते.

दोन संध्याकाळी ऐकलं. आज परत दिला. रावजी म्हणाले, "ठेवा हो, कोण मागतंय." मी म्हणालो, नको.

"वहिनी आल्या नाहीत अजून?"

"येतील आता."

२३ फेब्रुवारी

मुरुडला जाऊन आलो. दिपेशने नंबर दिला होता. हमीद मुकादम म्हणून गृहस्थ, बरीच वर्षं कुवेतला होते, तिकडून येताना जपानी सीडी प्लेअर आणला, आता विकायचा आहे. अलिबागहून दुसरी एसटी. काशीदला सगळे पर्यटक उतरले, पुढे मी आणि दोन बायका.

घर मशिदीच्या पलीकडच्या आळीत. मुकादम दारातच उभे होते. "या, या. तकलीफ झाली असेल. बसा. आधी पाणी, मग बाजा."

प्लेअर उत्तम आहे. काळा, जड, ट्रे लोण्यासारखा बाहेर येतो. त्यावर क्रोशाचा रुमाल टाकलेला होता. मी सोबत मारव्याची सीडी नेली होती. परीक्षा करताना मी तानपुऱ्याची शेवटची तार ऐकतो. ती नीट आली तर बाकी सगळं येतं.

पण परीक्षा करता आली नाही. सीडी लावली आणि मुकादमांच्या पत्नी झुलेखाबी आतून बोलत बाहेर आल्या.

"हे काय लावलंय? कोण वारलंय?"

"अगं, साहेबांचं शास्त्रीय आहे."

"असूदे. पण चहा थंड होतोय तो शास्त्रीय नाही." मग मला म्हणाल्या, "भाईजान, ह्यांना विचारा, माझा बाजा मला न विचारता विकायला काढला. बेटीने दुबईहून स्पीकर पाठवला म्हणून. मी भांडी घासते तेव्हा ह्यावर गाणी लावते. त्या स्पीकरमधनं बाई गाते की मच्छर, समजत नाही."

"तू गाण्यावर ओरडतेस, म्हणून समजत नाही."

"ओरडत नाही, साथ देते."

दोघंही हसले. मी हात वर केला. त्यांना वाटलं मला चहा नको आहे. त्यांनी जबरदस्तीने कप दिला. एक नातू आला, एक सून आली, मांजर आलं. सलग तीन मिनिटं कोणी गप्प बसलं नाही. आलाप संपूनही गेला, ते कोणाला कळलंही नाही.

झुलेखाबी विकायला तयार नाहीत. मुकादम फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "थोडं थांबा, मी समजूत घालतो. तुमच्या घरी कोण कोण ऐकतं?"

मी म्हणालो, आम्ही दोघं.

२६ फेब्रुवारी

ठमाबाई मासळी घेऊन आली. थळच्या बंदरावरून ती रोज येते आणि मागच्या पडवीत टोपली उतरवते. वल्लरी असताना अर्धा तास तरी बसायची. काय बोलायच्या कोणास ठाऊक. हसण्याचा आवाज पुढच्या खोलीत यायचा, म्हणून संध्याकाळी येऊ नकोस असं मी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून सकाळी येते.

"बाय कवा येनार हाय?"

"येईल. पाडव्यापर्यंत येईल."

"तुमी फोन करता ना रोज?"

"रोज कशाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सायेब, तुमी लई शिकलाव." आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. आज काही घेतलं नाही. एकट्यासाठी मासळी करणं होत नाही.

४ मार्च

राहीचा फोन. वल्लरी घरात नव्हती.

"आई क्लासला गेलीय."

"कसला क्लास?"

"गाण्याचा. आठवड्यातून तीनदा. बाबा, तिने तुम्हाला सांगितलं नाही?"

सांगितलं नव्हतं. विसरली असेल. मी विचारलं, शिकवणारे कोणाकडे शिकलेले आहेत?

"मला नाही माहीत. एक बाई आहेत, आमच्याच सोसायटीत राहतात. सगळ्या साठीच्या बायका येतात. दार बंद करून दोन तास नुसता दंगा असतो."

मी म्हणालो, या वयात आवाज बसवणं अवघड असतं, श्वास पुरत नाही. तिने ऐकण्यावर भर द्यावा. ऐकण्याची तिची तयारी चांगली आहे.

राहीने फोन ठेवून दिला. मला वाटलं फोन कट झाला.

१४ मार्च

काल कोळीवाड्यात होळी. होड्या रंगवल्या आहेत, नाक्यावर मोठे स्पीकर लावले आहेत. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. ठमाबाई सकाळी बोलवायला आली होती. "येवा सायेब, घरान एकलं बसून काय करताव?" गेलो नाही. गर्दीत काय बोलावं सुचत नाही.

आज सकाळी दारात रंग सांडलेला होता. पाणी टाकलं.

१५ मार्च

वल्लरीचा फोन आला. तिने स्वतः केला.

"पाडव्याला येते. केतन सोडायला येईल. अहो, मला बोलायचंय."

"बोल ना."

"फोनवर नको. समोर बसून."

मी म्हणालो, ये, तोपर्यंत प्लेअरचं बघतो.

"प्लेअर राहू दे."

"नाही, नाही. तू येणार तर घर नीट हवं."

तिचा आवाज वेगळा वाटला. गाण्याच्या सरावामुळे असेल. काय बोलायचं असेल? जावयाचं, केतनचं काही असेल. पैशाचं असेल. किंवा माझं. माझं काय असणार?

आता पाडव्याच्या आत प्लेअर मिळायला हवा. ती गेली त्या सुमारास तो बिघडला. सात वाजता घरात काही होईना. माणूस अशाने कंटाळतो. यंत्र आलं की घडी बसेल. मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

१८ मार्च

मुकादमांचा फोन. "साहेब, बाजा तुमचा. बेगम राजी झाली."

मी विचारलं, कशा काय तयार झाल्या?

फोन झुलेखाबींनी ओढून घेतला. "हे म्हणाले तुमची बीबी पाडव्याला येणार, तुम्ही दोघं बसून ऐकता. मग मी म्हटलं घेऊन जा. दोन माणसं एका बाजावर बसतात, हे आता कुठे राहिलंय? आमच्याकडे तर ह्यांच्या कानात वायर."

किंमत त्यांनी माझ्या मनातल्यापेक्षा कमी सांगितली. मी घासाघीस केली नाही. कमी का, हेही विचारलं नाही.

२२ मार्च

प्लेअर आणला.

त्यांचे रोजे चालू आहेत. तरी मला चहा दिला. मी नको म्हणालो. झुलेखाबी म्हणाल्या, "तुम्ही मुसाफिर. प्या." घरात सगळे बसले होते आणि मी एकटा चहा पीत होतो. कप लवकर संपवला, जीभ भाजली.

त्यांनी प्लेअर पुसून क्रोशाच्या रुमालासकट बांधून दिला. सुनेने वरून दोरी आवळली. झुलेखाबींनी एकदा त्याच्यावरून हात फिरवला आणि आत गेल्या.

मुकादम म्हणाले, "बीबीला घेऊन या एकदा. ईद झाली की या. बेगमला माझ्याशिवाय कोणी बोलायला मिळेल."

एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "काका, टाईमबॉम्ब हाय काय?"

"सीडी प्लेअर."

"अजून हायेत?" त्याने मागच्या माणसाला सांगितलं, "सीडी प्लेअर घेऊन चाललेत काका." मागचा माणूस उठून बघून गेला. रेवदंड्याच्या पुलावर मी मान वळवून बाजूच्या सीटकडे काहीतरी बोलायला गेलो. सीट रिकामी होती. काय बोलणार होतो तेही राहिलं.

२५ मार्च

जोडला. सुरेख. तार स्पष्ट. मधल्या पट्टीत पूर्वीपेक्षा जास्त अंतर आहे, गाणारा थोडा मागे बसल्यासारखा वाटतो. माझ्या ऐपतीत बसणारं यापेक्षा चांगलं काही मिळालं नसतं.

ऐकून झालं. मग मी म्हणालो, "कसा आहे?" मोठ्याने म्हणालो.

२९ मार्च

एकच अडचण. वाडीचा पंप चालू केला की विजेचा दाब पडतो आणि प्लेअर क्षणभर थांबतो. काल दोनदा झालं. उद्या असं होऊन चालणार नाही. पंप आज बंद ठेवला, उद्याही ठेवीन.

वल्लरीच्या खुर्चीची जागा सहा इंच डावीकडे केली. तिथून दोन्ही स्पीकर सारखे ऐकू येतात. स्वतः बसून पाहिलं.

मिठाची बरणी शोधली. ती फडताळात मागे होती. मीठ खडे धरून बसलं आहे. बरणी पुन्हा कपाटात बल्बजवळ ठेवावी, तिला बरं वाटेल, असं मनात आलं. पण प्लेअर दुसऱ्याच्या घरातून जपून आणलेला आहे. ठेवली नाही.

३० मार्च

सकाळी गुढी उभारली. एकट्याने काठी धरून दोरी बांधणं जमेना, रावजी आले. गुढीला वल्लरीची रेशमी साडी लागते म्हणून कपाट उघडलं. कपाटात तीनच साड्या होत्या, तिन्ही जुन्या. बाकीच्या कुठे ठेवल्या आहेत ते तिला विचारायचं राहिलं. जुन्यांपैकी हिरवी लावली.

चारच्या सुमारास केतनची गाडी आली. राही आणि प्राप्ती नाहीत, प्राप्तीची परीक्षा. वल्लरीने केस कमी केले आहेत. पायात बूट होते. तिने घर बघितलं, सगळ्या खोल्यांतून एकदा फिरली, मग पुढच्या खोलीत येऊन म्हणाली, "बसा जरा."

"सातला बसूच की."

"सातला नाही, आत्ता. केतनला सकाळी लवकर निघायचंय, मला पण त्याच्याबरोबर..."

"आधी हे बघ," मी म्हणालो. प्लेअर दाखवला. ट्रे उघडून दाखवला, मिटून दाखवला. मुरुडची हकीकत सांगितली. ती ऐकत होती. रुमाल हातात घेऊन म्हणाली, "हा कोणी विणलाय?" मला माहीत नव्हतं.

साडेचार ही मुलतानीची वेळ. मुलतानी लावला. ती खुर्चीवर बसली. खुर्ची हलवलेली तिच्या लक्षात आली नाही. केतन बाहेर फोनवर बोलत होता, त्याला मी खुणेने लांब जायला सांगितलं.

आलाप सुरू झाला. ती म्हणाली, "मी तिकडेच राहायचं ठरवलंय."

गाणारा नेमका पंचमावर येऊन थांबणार होता. माझा हात वर गेला. मी मुद्दाम केला नाही, तो जातो.

ती गप्प झाली. पंचम लागला. फार सुंदर लागला. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती उठून उभी होती. रुमाल खुर्चीवर ठेवला आणि आत गेली. सीडी चालू असताना.

मी थांबवू शकलो असतो. बटण हाताशी होतं. पण मध्येच तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं, आणि मला वाटलं ती पाणी प्यायला गेली असेल.

मग माळ्यावर पावलं वाजली. केतन काहीतरी उतरवत होता. वल्लरी खालून सांगत होती, "डावीकडे, ट्रंकेच्या मागे." मागच्या पडवीत काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने हवा गळणारा एक लांब सूर आला. पेटी. ती माहेरून आणलेली पेटी आपल्याकडे होती हे मी विसरलो होतो.

ठमाबाई आलेली असावी. तिचा आवाज आला. "अगो बाय! ही म्हातारी अजून खोकते!" दोघी हसल्या. केतनही हसला. मग ठमाबाईने धवला धरला. कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी धवलारीण ती असते, हळदीला तिला बोलवतात. पेटी तिच्यामागे धावत होती, सापडत नव्हती. तिसऱ्या ओळीला आणखी एक आवाज मिसळला. उंच, जरा कापरा, पण सुरात होता. तो वल्लरीचा आहे हे समजायला मला वेळ लागला.

दोन्ही एकाच वेळी ऐकणं शक्य नव्हतं. मी उठलो आणि मागची खिडकी लावून घेतली.

सीडी संपेपर्यंत बसलो. प्लेअर एकदाही अडखळला नाही.

बाहेर आलो तेव्हा ठमाबाई गेली होती. वल्लरी ओल्या फडक्याने पेटीच्या पट्ट्या पुसत होती. मी शेजारी उभा राहिलो. तिने वर न बघता सांगितलं. राहीच्या इमारतीतच तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं आहे. शिकवणीच्या बायका आता तिथेच जमतात. ती मागच्या महिन्यापासून तिथे राहते.

"तुम्हाला यायचं तर या," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही."

"स्पीकर मावतील?"

"भिंती पातळ आहेत. शेजारचे शिंकले तरी ऐकू येतं."

"मग तू ऐकतेस कशी?"

"ऐकणं फारसं होत नाही. आम्ही गायलाच बसतो."

मी म्हणालो, अशा खोलीत तानपुऱ्याची शेवटची तार ऐकू येणार नाही. तिने फडकं पिळलं. म्हणाली, "नाही येणार."

मग मी विचारलं, परत कधी येशील?

"आंबे उतरले की फोन करा. केतन येईल न्यायला."

म्हणजे मे महिन्यात. आंबे मे महिन्यात उतरतात.

जेवताना केतनने पुण्याच्या रस्त्याचं सांगितलं. वल्लरीने पिठलं केलं होतं. मीठ बरोबर होतं.

३१ मार्च

सकाळी उजाडता ते निघाले. पेटी मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि भोवती उशा लावल्या. वल्लरी पुढे बसली. मी फाटकापर्यंत गेलो. गाडी वळली. आत येऊन प्लेअर बंद केला आणि पंप सुरू केला. पोफळींना दोन दिवस पाणी नव्हतं.